कडा बघितल्या का?

अख्ख्या पुण्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाची लाज एका माणसानं स्वतःच्या अंगावर ओढून घेतली आहे, आणि दुर्दैवानं तो माणूस माझा सख्खा साडू आहे. साडू माणसाला निवडता येत नाही. आपण मुलगी बघायला जातो तेव्हा तिची धाकटी बहीण पोह्यांच्या बश्या घेऊन मागे उभी असते, आणि ती पुढे घरात कुणाला आणणार आहे हे काही त्या पोह्यांवरून कळत नाही. माझ्या मेहुणीनं आणले ते हे गृहस्थ. उंच, किंचित वाकलेले, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की नुकतंच आपल्या हातून कुणाचं तरी मोठं नुकसान झालंय आणि ते अजून त्या माणसाला कळायचंय.

धंदा आर्टवर्कचा. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, मिठाईची खोकी, असलं सगळं छापखान्यात जाण्याआधी कॉम्प्युटरवर तयार करून द्यायचं. धायरीच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी त्यासाठी अडवली आहे. खरं म्हणजे माणसानं आपलं काम करावं, बिल घ्यावं, गप्प बसावं. पण यांना दुसऱ्यांच्या कामाचीही लाज वाटते. एकदा आम्ही एका लांबच्या नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. दारात मुलीचे वडील हात जोडून उभे. साडूंनी खिशातून आमंत्रणाची पत्रिका काढली, कडेवरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. लालचुटूक पत्रिकेच्या उजव्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ राहिली होती. "माफ करा हो," मुलीच्या वडिलांचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "असं व्हायला नको होतं." ते बिचारे पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, मुलाकडचं काहीतरी कळलंय. मी साडूंना कोपराला धरून सरळ जेवणाच्या पंगतीकडे ओढत नेलं आणि मठ्ठ्याच्या पिंपाआड उभं केलं. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली, की मी जिलबी परत मागितली नाही.

ती पांढरी रेघ का येते, हे त्यांनी मला आजवर जितक्यांदा सांगितलंय तितक्यांदा आईनं मला अभ्यास कर म्हणून सांगितलं नसेल. कागद आधी मोठा छापतात आणि मग गठ्ठ्यानं कापतात. कापणारी सुरी केसभर इकडेतिकडे होतेच. म्हणून रंग कापायच्या रेघेपाशी थांबवायचा नाही, थोडा बाहेर जाऊ द्यायचा. हा जो बाहेर गेलेला, कापून टाकण्यासाठीच छापलेला भाग, त्याला म्हणायचं ब्लीड. आणि जे महत्त्वाचं आहे, नाव, चेहरा, तारीख, ते रेघेपासून चांगलं आत ठेवायचं, म्हणजे सुरी चुकली तरी ते वाचतं; ती आतली जागा म्हणजे सेफ एरिया. "बाहेर तीन मिलिमीटर सोडा, आत पाच मिलिमीटर राखा," हा त्यांचा मंत्र. "आणि रेघेबाहेर जे दिसतं ते नाहीच असं समजा, साडूबुवा. ते असतं, पण नसतं." मी "हो का!" म्हणायचो आणि मनात उद्याच्या भाजीचा विचार करायचो.

हे खऱ्या अर्थानं ऐकून घेतलं ते एकट्या आमच्या सासूबाईंनी, माईंनी. दिवाळीच्या आधी त्या शंकरपाळी करत होत्या. साडू स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ब्लीडवर बोलत होते. माईंनी पोळी लाटली, कातण्यानं उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे कडेचे वेडेवाकडे तुकडे जायचेच, हे धरूनच लाटायचं. नाही का?" साडूंचे डोळे भरून आले. "माई, छापखान्यातल्या लोकांना मी हे अजून समजावतोय!" त्यावर माई म्हणाल्या, "पण जायचे कशाला? तळून होतात की." त्यानंतर दर दिवाळीला माई कडेच्या तुकड्यांचा एक वेगळा डबा भरायच्या, आणि तो डबा धायरीला जायचा. मला अर्थातच नीट चौकोनी शंकरपाळी मिळायची. थोरला जावई ना मी!

धंद्यातलं हे खूळ धंद्यातच राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण साडूंनी ते घरभर पसरवलं. गाडी सुटायच्या इतके आधी ते स्टेशनवर जातात, की त्यांना आदल्या गाडीचे लोक निरोप देतात. पँट शिवायला टाकली की पायाशी वीतभर जास्तीचं कापड, "आटली तर?" म्हणून. मेहुणी वैतागून म्हणते, "भावोजी, आमच्याकडे सगळं सांडलेलंच असतं. भिंतीला रंग दिला तर यांनी बटणांवरही दिला. आता दिवा लावायचा तर चाचपडावं लागतं." आणि टेबलाच्या कडेला ठेवलेला कप त्यांना बघवतच नाही. दिसला की दोन बोटांनी आत सरकवतात. स्वतःचाच असं नाही, कुणाचाही. एकदा हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक धिप्पाड गृहस्थ मिसळ खात होते. साडू उठले, त्यांचा ताकाचा ग्लास चार बोटं आत सरकवला आणि परत येऊन बसले. "काय हो?" ते गृहस्थ गुरगुरले. "काही नाही, सेफ एरिया," साडू अदबीनं म्हणाले. मी मेनूकार्ड चेहऱ्यासमोर धरलं. ते मेनूकार्डही कापताना वाकडं गेलं होतं, असं साडूंनी मला हळूच दाखवलं.

मंडईत तर त्यांच्याबरोबर जाणं मी सोडूनच दिलं. तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. करणाऱ्यानं चेहरा अगदी कडेला नेऊन ठेवलेला, त्यामुळे फ्लेक्स बांबूला गुंडाळला तेव्हा भावी नगरसेवकांचा एक कान बांबूच्या मागे गेला होता. साडू वांगी घ्यायची सोडून त्या फ्लेक्सखाली उभे. शेवटी कार्यकर्त्याकडे गेले आणि म्हणाले, "साहेबांचा कान दुमडलाय. मला फार वाईट वाटतं." कार्यकर्त्यानं आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणाचे आहात तुम्ही?" असं त्यानं विचारल्यावर मी शपथेवर सांगितलं, की मी या माणसाला ओळखत नाही. भाजीवाली मावशी हसत म्हणाली, "अहो, आत्ताच तर दोघं मिळून वांग्याचा भाव करत होता!"

गिऱ्हाईकांशीही तेच. हिंजवडीत नोकरी करणारा एक पोरगा व्हिजिटिंग कार्ड घेऊन आला होता. "सर, मी फोनवर डिझाइन केलंय. एज टू एज. एकदम परफेक्ट क्रॉप आहे, चेक करा." साडूंनी बघितलं आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "परफेक्ट आहे, तेच चुकलंय," ते म्हणाले. "तुम्ही परफेक्ट आहात, सुरी नाही. सुरीला जागा द्या." पोरगा म्हणाला, "सर, पण बाहेरचं वेस्ट जाणार ना?" साडू म्हणाले, "काहीतरी वेस्ट जावं लागतं हो. काय जाऊ द्यायचं, तेवढं आपण ठरवायचं." मी तिथेच चहा पीत होतो. हेही वाक्य माझ्या कानावरून गेलं.

आणि घरातले फोटो! चार माणसं फोटोला उभी राहिली की हे सुरू. "कडेला कुणी नको. आत या, आत या, कडेचे कापले जातात." एकेकाला खांद्याला धरून आत ओढायचं, आणि सगळे आत आले की उरलेल्या कडेला स्वतः उभं राहायचं. "अहो, पण तुम्ही?" कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "कुणीतरी ब्लीडला लागतंच." आम्ही हसायचो. माझ्या वास्तुशांतीला काढलेला फोटो असाच आहे. मध्ये आमचे सासरे नाना, उजवीकडे टोकाला माई, आणि डावीकडे टोकाला साडू. मी कडेला होतो, मला त्यांनी खांद्याला धरून आत ओढलं. माई स्वयंपाकघरातून धावत येऊन उजव्या टोकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. साडू इकडून ओरडले, "माई, आत! तुम्ही तर शंकरपाळीचा तुकडा झालात!" आणि माई तोंडाला पदर न लावता खळखळून हसल्या. तेवढ्यात फोटो निघाला, साडूंचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता. माईंचा तसा हसतानाचा फोटो तो एकच. पुढच्या वर्षी माई गेल्या.

आता नानांविषयी. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, शनिवार पेठ, आणि बोलणं मोजकं. साडू बौद्ध घरातले, हडपसरचे. त्यांचे वडील सरकारी कचेरीत अधिकारी होऊन निवृत्त झालेले, घरात पुस्तकांची कपाटं आमच्यापेक्षा जास्त. मेहुणीनं लग्नाचं सांगितलं तेव्हा नानांनी विरोध केला नाही. आमच्याकडे विरोध करत नाहीत, बोलणं कमी करतात. लग्नाला नाना आले, जेवले, आहेर केला. पण त्यानंतर इतक्या वर्षांत ते साडूंशी थेट एक वाक्य बोलले नाहीत. साडू समोर बसलेले असायचे आणि नाना माईंना सांगायचे, "त्यांना चहा विचारा." माई गेल्यावर मला सांगायला लागले. "ते साखर कमी घेतात का, विचारा." आणि मीही, काय सांगू, साडूंकडे वळून विचारायचो, "साखर कमी ना?" जणू मी दुभाषा होतो आणि हे गृहस्थ परदेशातून आले होते. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. साडूंना मात्र एकच आस होती, की म्हाताऱ्यानं एकदा तरी आपल्याला "अहो" म्हणावं. मेहुणीनं हे माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोनं मला. म्हणजे मला माहीत होतं.

नानांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. आलेल्यांना द्यायला एक छोटी पुस्तिका काढावी, नानांच्या आठवणी, विद्यार्थ्यांचे चार लेख, असं निघालं, आणि आर्टवर्क कोण करणार हा प्रश्नच नव्हता. साडूंनी धायरीची खोली बंद करून घेतली. मुखपृष्ठावर वास्तुशांतीचाच फोटो हवा, कारण त्यात माई होत्या. साडू म्हणाले, "फोटो लांबोडका आहे, पुस्तिका त्या मानानं अरुंद. फोटो लहान करून सभोवती पांढरी चौकट ठेवू, सगळे मावतील." नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, चौकट नको. चौकटीतली माणसं हार घालायला असतात. आम्ही अजून आहोत." झालं! चौकट नाही म्हणजे फोटो कडेपर्यंत न्यायचा, आणि कडेपर्यंत न्यायचा म्हणजे एक बाजू रेघेबाहेर जाणार.

काही दिवसांनी साडू प्रूफ घेऊन माझ्याकडे आले. मजकूर मी तपासायचा असं ठरलं होतं, मला त्याची हौस आहे. मुखपृष्ठाचं प्रूफ मोठ्या कागदावर होतं, चारी कोपऱ्यांत कापायच्या बारीक रेघा. मी फोटो बघितला. सगळे होते. नाना, माई, आम्ही, आणि डावीकडे साडू. "छान आलाय," मी म्हणालो. साडू म्हणाले, "नीट बघा. कडा बघा." मी म्हणालो, "बघितल्या हो." त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "ब्लीड या बाजूला जरा जास्त सोडलंय, बोटभर. दिसतंय ना?" मी म्हणालो, "तुम्ही काय, नेहमीच जास्त सोडता." आणि आतल्या पानावरचा एक स्वल्पविराम काढायला लागलो. साडूंनी चहा घेतला आणि माझा कप आत सरकवून गेले.

ते प्रूफ मी नानांकडे नेलं. नानांनी भिंग घेऊन एकेकावर बोट ठेवलं. साडूंवर येऊन बोट थांबलं. "हे असे उंबऱ्यावर उभे राहिल्यासारखे का?" मी म्हणालो, "ते नेहमीच कडेला उभे राहतात, नाना." "हं," नाना म्हणाले. "सगळे आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत की. हे काय, दिसतायत." मग मी खालच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलं, 'पाहिले. सर्व ठीक.' आणि सही ठोकली. बँकेत जन्म गेला माझा, सही मला फार छान येते. साडूंना फोन केला, तेव्हा त्यांनी परत विचारलं, "कडा बघितल्या का?" मी म्हणालो, "अहो, नानांनीसुद्धा बघितल्या! छापा आता."  "बरं," ते म्हणाले, "छापतो."

कार्यालयात समारंभाच्या दिवशी पुस्तिकांचे गठ्ठे थेट बाइंडरकडून आले. मुलींनी त्या दारात वाटायलाही घेतल्या. नानांचे एक जुने विद्यार्थी पुस्तिका हातात घेऊन माझ्याकडे आले आणि कौतुकानं म्हणाले, "वा, काय सुंदर फोटो! पण साहेब, तुमच्या खांद्यावर हा हात कुणाचा?" मी बघितलं. मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला मी होतो. माझ्या खांद्यावर चार बोटं होती. त्या बोटांचा मालक नव्हता. कड मात्र अशी सुरेख कापली होती, की पांढऱ्या रेघेचं नाव नाही.

 रेघेबाहेर जे दिसतं ते नाहीच असं समजा, हे या शहरात ज्या एका माणसाला उठता बसता ऐकवलं गेलं होतं, तो मी. आणि तो मीच "आहेत की, दिसतायत" म्हणालो होतो! पुढे अर्धा तास जो येईल तो तेच विचारत होता. "हा हात कुणाचा हो?" कुणी गमतीनं म्हणालं, "पाठीराखा दिसतोय!" लग्नमंडपात मला साडूंची लाज वाटली होती, हॉटेलात, मंडईत वाटली होती. ती सगळी खोटी निघाली. खरी लाज कशी असते ते त्या दिवशी कळलं. हातातला पेढा मी तसाच परत ताटात ठेवला.

नानांनी खुर्चीत बसून पुस्तिका डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. मग मला बोलावलं. "ते कुठे आहेत?" मी उगाचच म्हणालो, "कोण?" नाना म्हणाले, "हा हात ज्यांचा आहे ते." साडू दारात चपला नीट लावत उभे होते. आले. नानांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलले. "अहो, तुम्ही कुठे गेलात यातनं?"

साडूंनी हात जोडले, चूक पकडली गेलेल्या पोरासारखे. "ब्लीडमध्ये गेलो, नाना. एक बाजू जाणार होती. दुसऱ्या बाजूला माई होत्या."

नानांनी पुस्तिका मांडीवर उलटी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मला दाखवलंत त्यात हे होते." मी म्हणालो, "ते कापायच्या आधीचं होतं, नाना." "मग ते आणा. आणि वाटायचं थांबवा." पण अर्ध्या तोवर वाटून झाल्या होत्या.

समारंभ आटोपल्यावर गाडीतळावर साडू स्कूटरला पुस्तिकांचा उरलेला गठ्ठा बांधत होते. मी जवळ गेलो. "साडूभाऊ, मी खरंच बघितलं नाही हो," मी म्हणालो. ते दोरीची गाठ मारत होते. "मला वाटलं, बघितलंत," ते म्हणाले. "दोनदा विचारलं ना मी. आणि नानांनीही बघितलं म्हणालात. म्हटलं, चालतंय सगळ्यांना." त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. उलट मला धीर द्यायला म्हणून ते पुढे म्हणाले, "ती बोटं तेवढी राहिली तुमच्या खांद्यावर. ती पुसायला हवी होती. लोकांनी तुम्हाला विचारलं ना फार? लाज वाटते हो मला. माफ करा." आणि खरोखर, त्यांचे कान लाल झाले होते. मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. गठ्ठा धरायला मदत केली, एवढंच.

प्रूफ मी दुसऱ्याच दिवशी नानांना नेऊन दिलं. नानांनी ते साडूंना दिलं, हातात, आणि म्हणाले, "चौकट करून आणा." फ्रेमवाला म्हणे कोपऱ्यांतल्या रेघा आणि खालची सही पट्टीखाली झाकून देत होता. साडूंनी त्याला सांगितलं, "काही झाकायचं नाही, काही कापायचं नाही." त्यामुळे शनिवारातल्या त्या भिंतीवर आता तो कागद जसाच्या तसा आहे. मध्ये नाना, उजवीकडे हसणाऱ्या माई, डावीकडे रेघेच्या बाहेर, पण काचेच्या आत, साडू. आणि खाली निळ्या शाईत माझं वळणदार अक्षर. नानांनी त्याला हार मात्र घालू दिला नाही. साडूंची माफी वगैरे कुणी मागितली नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही. पण साडू गेले की नाना स्वतः विचारतात, "अहो, चहा घेणार ना?" साखरेचंही त्यांनाच विचारतात. दुभाष्याचं काम सुटलं माझं.

मी गेलो की भिंतीकडे पाठ येईल अशी खुर्ची धरतो. उपयोग होत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा फोटोपाशी थांबतो, आणि नाना बसल्या जागेवरून सांगतात, "ते कडेचे आमचे धाकटे जावई. आणि खाली सही आहे ती थोरल्या जावयांची." एवढंच.  पाहुणा वाकून 'सर्व ठीक' वाचतो, मान डोलावतो. मी चहाच्या कपात बघत राहतो, आणि कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवतो. तेव्हा साडू दोन बोटांनी तो कडेवरून आत सरकवतात.